'देवावर सोडलं' म्हणजे नेमकं काय सोडलं?



खेळत्या भांडवलाचं सत्र संपलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, आकडे सगळे कळले. पण खरं सांगू का, मी आता सगळं देवावर सोडलंय."

हे म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात, आणि गंमत बघा, दोघं शब्द अगदी तेच वापरतात. पहिल्याचं दुकान सकाळी वेळेवर उघडलेलं असतं, रोजमेळ लिहिलेला असतो, उधारीवाल्यांना फोन झालेले असतात. धंदा त्याचाही मंदच असतो, पण रात्री तो झोपतो. दुसऱ्याने तीन महिने खतावणी उघडलेली नसते. बँकेचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवतो. जीएसटीचं रिटर्न राहिलेलं असतं, आणि रात्री दोन वाजता तो टक्क जागा असतो. म्हणजे याने काम सोडलंय आणि काळजी स्वतःकडे ठेवलीय. पहिल्याने काळजी सोडलीय आणि काम ठेवलंय. दोघांच्या गल्ल्यावर देव्हारा आहे, दोघंही उदबत्ती लावतात.

आता कुणी म्हणेल, बिझनेस चॅनेलवर हा विषय कशाला? तर आपल्याकडे कॉम्प्युटर नसलेली दुकानं अजून भरपूर सापडतील, देव्हारा नसलेलं दुकान शोधावं लागेल. कर्ज घ्यायचं का, भागीदार घ्यायचा का, धंदा बंद करायचा का, हे निर्णय त्या देव्हाऱ्यासमोर उभं राहूनच होतात. मग शरणागती, कृपा, समर्पण हे शब्द आपण वापरतोच आहोत, तर आपली परंपरा त्यांचा अर्थ काय सांगते ते एकदा नीट बघू या. कारण चुकीचा अर्थ धरला तर त्याचा खर्च खरोखरचा असतो. त्यात दुकान जातं, घर तारण असेल तर घर जातं, आणि कधी कधी माणूसही खचून जातो.

गांडीव कधी ठेवलं आणि कधी उचललं

शरण जाण्याबद्दलचा गीतेतला सगळ्यात प्रसिद्ध श्लोक अठराव्या अध्यायातला ६६ वा. सगळे धर्म बाजूला ठेवून मला एकट्याला शरण ये, मी तुला सोडवीन, चिंता करू नकोस, असा त्याचा भावार्थ. काम न करणारे लोक याच श्लोकाचा आधार घेतात. पण त्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते बघा.

तीनच श्लोक आधी, ६३ व्या श्लोकात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की मी तुला सगळं सांगितलं, आता यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. म्हणजे शरण ये म्हणण्याच्या आधी त्याने निर्णयाची जबाबदारी अर्जुनाच्या हातात दिली आहे. आणि नंतर, ७३ व्या श्लोकात, अर्जुन सांगतो की माझा संशय गेला, तू सांगतोस तसं करीन. त्यानंतर तो कुठे ध्यानाला बसला नाही. अठरा दिवस युद्ध केलं.

धनुष्य त्याने खाली ठेवलं होतं ते पहिल्या अध्यायाच्या शेवटी, हात थरथरत असताना. त्या अवस्थेला गीता शरणागती म्हणत नाही. तिला विषाद म्हणते, अध्यायाचं नावच ते आहे. आपल्यातले बरेच जण विषादात दुकान बंद ठेवतात आणि त्याला समर्पण म्हणतात. दोन्हीत हात रिकामेच दिसतात, म्हणून हा घोटाळा होतो.

आणखी एक. कृष्ण त्या युद्धात सारथी होता. घोडे त्याने हाकले, वेळोवेळी युक्ती सांगितली, पण बाण अर्जुनालाच सोडावे लागले. देव बरोबर आहे याचा अर्थ देव आपल्या वतीने गिऱ्हाईकाला फोन करेल असा कुणीही कधीही सांगितलेला नाही.

पाच कारणं, आणि त्यातलं पाचवं

आता जो भाग सांगतोय तो वहीत लिहून घ्या, कारण मॅनेजमेंटच्या कुठल्याही कोर्सइतका तो कामाचा आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात १४ व्या श्लोकात कुठलंही काम घडायला पाच गोष्टी लागतात असं सांगितलंय. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर काम उभं राहतं ते, गीतेच्या भाष्यांमध्ये शरीर. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं. चेष्टा म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, प्रत्यक्ष खटपट. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा झाली, संस्कृतात तसं नाही. आणि पाचवं दैव.

भाष्यकारांनी हे इंद्रियं, प्राण वगैरेंच्या भाषेत समजावलंय. आपण आपल्या भाषेत घेऊ. समजा एक ताई दिवाळीचा फराळ करून विकतात. जागा म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर आणि अन्नपरवाना. कर्त्या त्या स्वतः, त्यांचा हात, त्यांची चव, त्यांची तब्येत. साधनं म्हणजे कढया, सोऱ्या, गॅसच्या टाक्या, मदतीला येणाऱ्या चार बायका, तेल, भाजणी. खटपट म्हणजे भाजणी वेळेवर दळून आणण्यापासून पाकिटावर तारीख टाकण्यापर्यंत सगळं. आता या चारही गोष्टी चोख आहेत. दोनशे किलोची ऑर्डर आहे. आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळतो, लाईट जाते, टेम्पो अडकतो. किंवा तेलाचा भाव पंधरा दिवसांत चढतो. किंवा ज्या कंपनीने दरवर्षी शंभर पाकिटं घेतली, तिथला साहेब बदलतो आणि नवा साहेब या वर्षी सुका मेवा वाटतो.

हे पाचवं. याला नशीब म्हणा, बाजार म्हणा, नाव काही द्या. ते असतंच, आणि ते तुमच्या वहीत मावत नाही.

या 'दैव' शब्दावर मोठमोठ्या आचार्यांचंही एकमत नाही. शंकराचार्य तिथे इंद्रियांना बळ देणाऱ्या सूर्यादी देवता असा अर्थ घेतात. रामानुजाचार्य सरळ परमात्मा म्हणतात, जो आत बसून सगळं चालवतो. म्हणजे रामानुजांच्या मते पाचवी जागा आंधळ्या योगायोगाची नाहीच, तिथे कुणीतरी आहे. भक्ती करणाऱ्याला हा फरक फार मोठा वाटतो. बाजार बेभरवशाचा असणं वेगळं, आणि त्या बेभरवशाच्या जागी आपलं माणूस बसलंय असं वाटणं वेगळं. दुसऱ्यात छाती जरा मोकळी होते.

पण दोन्ही अर्थांत पहिल्या चार जागा रिकाम्या ठेवायला परवानगी नाही. कागदाचे पाच भाग करा आणि अडलेलं काम घेऊन बसा. चार भागांत काय काय राहिलंय ते स्वच्छ लिहा. ज्या भागात लिहायला काही सुचत नाही, बहुतेक वेळा त्याच भागाकडे आपण महिनोन्‌महिने बघितलेलं नसतं. पाचव्या भागात मात्र काही लिहायचं नाही. तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा.

लगेच पुढच्या, १५ व्या श्लोकात एक गोष्ट आहे जी कुणी फारशी सांगत नाही. ही पाच कारणं योग्य कामालाही लागू आहेत आणि अयोग्य कामालाही. म्हणजे भेसळ करून नफा कमावला, तरी तिथेही पाचवं कारण जुळून आलेलंच असतं. त्यामुळे "देवाच्या कृपेने यंदा चांगलं झालं" या वाक्यात एक धोका आहे. नफा हे कृपेचं प्रमाणपत्र धरलं की तोटा हा कोपाचा पुरावा ठरतो. मग पडत्या काळात माणूस धंद्यात काय चुकतंय ते शोधायचं सोडून आपलं कुठलं पाप नडतंय ते शोधत बसतो. वास्तू बदलतो, पत्रिका दाखवतो, दुकानाच्या नावात एक अक्षर वाढवतो. माल मात्र तोच, भाव तोच, उधारी तीच.

माकडाचं पिल्लू आणि मांजराचं पिल्लू

शरणागतीवर सगळ्यात खोल विचार कुणी केला असेल तर तो दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेने, रामानुजांच्या मागून आलेल्या आचार्यांनी. त्यांचा शब्द आहे प्रपत्ती. त्यांच्यात पुढे दोन मतं झाली आणि दोन्ही मतांना प्राण्यांची उदाहरणं आहेत.

माकडीण उडी मारते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला घट्ट धरून असतं. ती नेते हे खरं, पण पिल्लाला निदान धरावं तरी लागतं. हे वडकलै मत, वेदान्त देशिकांच्या परंपरेतलं. मांजर मात्र पिल्लाला स्वतःच तोंडात मानेला धरून उचलते. पिल्लू काहीच करत नाही, अंग सैल सोडतं, एवढंच. हे तेंकलै मत, पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेतलं.

हे सांगितलं की वर्गात लगेच कुणीतरी हसून म्हणतं, "सर, मी मांजराचं पिल्लू." चालेल. पण मांजराचं पिल्लू म्हणवणारी परंपरा रोज काय करते ते बघा. पहाटे उठून देवळात सेवा, स्वयंपाक, फुलं, दिवे, वेळेत नैवेद्य. त्याला ते कैंकर्य म्हणतात, म्हणजे सेवा. त्यांचं म्हणणं असं की ही सेवा कृपेची किंमत म्हणून करायची नाही. कृपा झालेलीच आहे, म्हणून करायची.

आपण व्यापारी लोक. आपल्याला हे पचायला जड जातं. माल द्या, पैसे घ्या, हा आपला स्वभाव. त्यामुळे देवाशीही आपण तसंच बोलतो. हे टेंडर मिळू दे, पाच नारळांचं तोरण वाहीन. नवसाला मी वाईट म्हणणार नाही, अडलेल्या माणसाला कुठेतरी टेकावंसं वाटतं. पण नवस हा सौदा आहे आणि शरणागती हा सौदा नाही. सौद्यात तारीख असते, अट असते, आणि माल आला नाही तर तक्रार असते.

सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी आठवतो? आपल्यातलाच तो, व्यापारी. मूल झालं तर पूजा करीन म्हणाला, मूल झाल्यावर मुलीच्या लग्नात करीन म्हणाला, आणि लग्नानंतर विसरला. उधारी पुढे ढकलणारं गिऱ्हाईक असंच असतं की नाही? पुढे नौकेत काय आहे असं विचारल्यावर भरलेल्या मालाला पालापाचोळा म्हणाला, आणि तसंच झालं. दरवर्षी आपण ही कथा ऐकतो, प्रसाद खातो, आणि घरी येऊन जीएसटीच्या ऑफिसरला स्टॉकबद्दल तेच उत्तर देतो!

सहा अंगांपैकी तीन जी धंद्यात अडतात

प्रपत्तीची सहा अंगं सांगितली आहेत. देवाला आवडेल तसं वागण्याचा संकल्प, त्याच्या विरुद्ध जे असेल ते टाळणं, तो राखील हा विश्वास, मला राख असं म्हणणं, स्वतःला सोपवणं आणि कार्पण्य. सगळी इथे उलगडत नाही. तीनांवर थांबतो.

पहिली दोन एकत्र घेऊ, कारण ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. ज्याला शरण जायचं त्याला न आवडणारी कामं चालू ठेवून शरण जाता येत नाही. लक्ष्मीपूजनाला आपण वहीवर हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर श्री काढतो. हिशोबाचं वर्ष आता एक एप्रिलला बदलतं, तरी पूजा दिवाळीतच होते, कारण ती सरकारच्या वर्षासाठी नाहीच मुळी. आजकाल क्यूआर कोडच्या स्टँडलाही कुंकू लावतात, छान वाटतं बघायला. पण त्या वहीत एक खरी आणि एक दाखवायची अशा दोन नोंदी असतील, तर आपण नेमकी कुठली वही देवासमोर ठेवली? हा प्रश्न मी नैतिकतेचा तास घ्यायला विचारत नाही. दोन वह्या ठेवणाऱ्याला स्वतःचा नफा किती हे खरंच माहीत नसतं, हा माझा वर्षांनुवर्षांचा अनुभव आहे. आणि ज्याला नफा माहीत नाही त्याची रात्रीची झोप देव तरी कुठून आणणार?

तिसरं, विश्वास. कशाचा विश्वास? टेंडर मलाच मिळेल, हा विश्वास नव्हे, तो अंदाज आहे. टेंडर मिळो न मिळो, मी निराधार होणार नाही, हा विश्वास. पहिल्या प्रकारात दर नकाराला श्रद्धेला तडा जातो. दुसऱ्या प्रकारात नकार आल्यावर माणूस एक दिवस नाराज राहतो आणि पुढच्या चौकशीला फोन लावतो.

सहावं अंग, कार्पण्य, मी मुद्दाम शेवटी ठेवलं. कृपण म्हणजे कंजूस हे आपल्याला माहीत आहे, इथे मात्र कार्पण्य म्हणजे दैन्य. माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही, हे मान्य करणं. देवासमोर हे म्हणायला सोपं असतं, आवाज बाहेर जात नाही. खरी परीक्षा बँकेच्या मॅनेजरसमोर, पुरवठादारासमोर आणि बायकोसमोर.

हप्ता चुकणार हे आपल्याला महिनाभर आधी कळलेलं असतं. तरीही आपण तारीख उलटू देतो. लक्षात घ्या, कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए होतं. त्याआधी ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर बँक खात्यावर खूण करत जाते. हप्ता थकण्याआधी गेलेल्या माणसाशी मॅनेजर वेगळं बोलतो, ८५ व्या दिवशी गेलेल्याशी वेगळं. ज्याने देवासमोर खरंच कार्पण्य केलंय, त्याला मॅनेजरसमोर "साहेब, या तिमाहीत मला जमणार नाही, काय करता येईल?" म्हणताना जीभ जड होत नाही. जड होत असेल, तर देवासमोर आपण नुसतेच डोळे मिटले होते.

आणि हो, घरी सांगा. कर्जाचा आकडा घरापासून लपवून समर्पणाच्या गोष्टी करू नका. रात्री नको नको ते विचार येत असतील तर डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मदत मागणं हेही शरण जाणंच आहे, आणि ती माणसाच्या हातून आली म्हणून कमी दर्जाची होत नाही.

उधारी आणि देव

इथे एक खास शंका येते, विशेषतः सज्जन दुकानदारांकडून. "आपण देवावर सोडायचं, मग वसुलीसाठी मागे लागायचं कसं?"

लागायचं. शांतपणे, कागदावर, तारखेने. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग, म्हणजे तुम्ही काही बनवत असाल किंवा सेवा देत असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने गिऱ्हाईक कंपनीला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नाहीच दिले तर सरकारकडे तक्रार करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण मिळत नाही, त्यांनी बिलावरच अट छापून घ्यावी.

पत्र लिहिणं, स्मरणपत्र पाठवणं, तक्रार टाकणं ही 'चेष्टा', चौथा भाग. पैसे कधी येतील, पूर्ण येतील की अर्धे, हा पाचवा. पत्र टाकल्यावर दर तासाला बँकेचा मेसेज बघत बसणं हे मात्र कुठल्याच भागात बसत नाही. ते फक्त आपल्याला पोखरतं.

आता उलट बाजूने तुकोबांकडे बघा. देहूचं मोरे घराणं, महाजनकी, घरात वाणसौदा आणि सावकारी. १६३० नंतरचा दख्खनचा भीषण दुष्काळ आला आणि त्यात धंदा बुडाला, थोरली पत्नी गेली. आपण ज्याला कॅश फ्लो संपला म्हणतो त्याच्या पलीकडची ही गोष्ट. परंपरा सांगते की वडिलार्जित कर्जखतांची त्यांनी भावाबरोबर वाटणी केली. भावाची अर्धी त्याला दिली, आणि फक्त आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली.

लोक खतं बुडवल्याचं सांगतात, वाटणीचं विसरतात. मला ती वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. स्वतःचं सोडायचा हक्क आपल्याला आहे, कान्होबांच्या हिश्श्याचं सोडायचा तुकोबांनाही नव्हता. तुमच्या धंद्यात भागीदार असेल, कामगारांचा पगार थकला असेल, तर "जाऊ दे, देव बघून घेईल" म्हणून वसुली सोडून देताना तुम्ही कुणाचं सोडताय ते आधी मोजा. दुष्काळात पिचलेल्या कुळांना माफ करणं आणि मोठ्या कंपनीकडे भिडेपोटी न मागणं यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिशोबाच्या बाबतीत माझे आवडते म्हणजे एकनाथ महाराज. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशोबाचं काम होतं. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर वही घेऊन बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी गोष्ट आहे. गुरूंनी सांगितलं, एका पैसाठी जे चित्त एवढं लागतं तेच तिकडे लाव. लक्षात आलं का? हिशोब सोड असं ते म्हणाले नाहीत. ज्या माणसाचं चित्त एका पैवर ठरत नाही, ते विठ्ठलावर तरी कसं ठरणार, असा मी त्याचा अर्थ घेतो.

गोरोबा काकांची गोष्ट मात्र मी धंद्याच्या वर्गात उदाहरण म्हणून देत नाही. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली मूल आलं, ही कथा भक्तीच्या उत्कटतेची आहे, कामाच्या पद्धतीची नाही. भट्टीवर, प्रेसवर, कढईजवळ लक्ष कामातच हवं.

रात्री दुकान वाढवताना

फळाचं काय करायचं, हे राहिलं. आपल्याकडे त्यासाठी सुंदर शब्द आहे, प्रसाद. देवळात प्रसाद घेताना आपण निवडत नाही. कुणाच्या हातावर लाडूचा मोठा तुकडा येतो, कुणाच्या हातावर चार फुटाणे. दोघंही कपाळाला लावतात आणि खातात. काम देवाला अर्पण म्हणून करणं आणि जे येईल ते प्रसाद म्हणून घेणं, या दोन टोकांच्या मध्ये कर्मयोग उभा आहे. अठराव्या अध्यायातच स्वतःच्या कामानेच देवाची पूजा होते असं सांगितलंय, आणि ज्ञानोबांनी त्या जागी कामालाच फुलं म्हटलंय. आता फुलं वाहायची तर शिळी, किडकी कोण वाहील? हातातला माल त्या नजरेने एकदा तपासून बघा, क्वालिटी कंट्रोलचा वेगळा बोर्ड लागणार नाही.

प्रसाद म्हणून घेतला म्हणजे तोटा गोड लागतो असं नाही. तो तोटाच असतो, वहीत लाल शाईनेच लिहायचा. फरक एवढाच की आकडा लिहून झाल्यावर तो छातीवर घेऊन झोपायचं नाही.

रोज करण्यासारखं एवढंच सांगतो. सकाळी दिवा लावताना मनात आज करायच्या तीन कामांची नावं घ्या. "धंदा चांगला होऊ दे" एवढं मोघम नको, "आज पाटलांच्या बिलाचं पत्र पाठवतो" असं ठोस. ते अर्पण. मग दिवसभर देवाला त्रास देऊ नका, काम करा. रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजा, रोजमेळ पूर्ण करा, एका रुपयाचा फरक असला तरी शोधा. तीन कामांपैकी राहिलेलं उद्याच्या पानावर लिहा. मग वही मिटा आणि हात जोडा. वही न मिटता हात जोडू नका, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अर्धवट हिशोब घेऊन देवासमोर उभं राहिलं की मन तिथेही बेरीजच करत राहतं. एकवीस दिवस करून बघा आणि झोपेत काय फरक पडतो तो स्वतः तपासा.

पाच भागांचा कागद कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत एका बेकरीचं उदाहरण घेऊन फळ्यावर करून दाखवतो. तोवर तुमच्या अडलेल्या एका कामाचे पहिले चार भाग लिहून तयार ठेवा, आणि गेल्या तीन महिन्यांची थकबाकीची यादी बरोबर घेऊन बसा.